आधीचा सचिन



आपण शाळेत होतो तेव्हा सचिन म्हटलं की एकच नाव डोळ्यांपुढे यायचं. मधल्या सुट्टीत चर्चा त्याच्याच धावांची. पण आशियाई क्रीडा स्पर्धांमध्ये भारताला पहिलं सुवर्णपदक मिळवून देणाऱ्या खेळाडूचं नावही सचिनच होतं, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? ते सचिन नाग, जलतरणपटू आणि वॉटर पोलोचे आंतरराष्ट्रीय खेळाडू.

त्यांचा जन्म १९२० मध्ये बनारसचा. दहा वर्षांचे असताना पोलिसांच्या लाठीमारातून पळताना त्यांनी गंगेत उडी मारली, तिथे चालू असलेल्या शर्यतीत मिसळले आणि चक्क तिसरे आले, असं सांगतात. पुढे ते कोलकात्याला गेले. १९४७ च्या दंगलीत पायात गोळी लागली. तरीही पुढच्याच वर्षी ते लंडन ऑलिम्पिकला उतरले. प्रवासखर्चासाठी वर्गणी जमवावी लागली. आपल्याला कोळीगीतामुळे ओळखीचे असलेले गायक हेमंतकुमार यांनी त्यासाठी गाण्याचे कार्यक्रम केले.

वॉटर पोलोत एका संघाचे सात जण पाण्यात असतात. तळाला पाय टेकवायचा नाही आणि गोलरक्षक सोडून कुणी दोन्ही हातांनी चेंडू धरायचा नाही. उत्तनच्या आणि खाडीकाठच्या ज्या मित्रांनी भरतीच्या पाण्यात हातपाय मारले, त्यांना यात किती दम लागतो ते सांगायला नको. लंडनमध्ये भारताने चिलीला ७-४ असं हरवलं. त्यातले चार गोल नाग यांचे होते.

मार्च १९५१ मध्ये दिल्लीत पहिल्या आशियाई स्पर्धा झाल्या. १०० मीटर फ्रीस्टाइल नाग यांनी १ मिनिट ४.७ सेकंदांत जिंकली. वॉटर पोलोचं सुवर्णही भारताने घेतलं आणि त्या संघात ते होते. १९५२ मध्ये ते हेलसिंकी ऑलिम्पिकही खेळले. त्यानंतर या खेळात भारताला १९७० मध्ये रौप्य आणि १९८२ मध्ये कांस्य मिळालं. आशियाई सुवर्ण मात्र पुन्हा आलं नाही.

नाग १९८७ मध्ये गेले, तेव्हा आपण प्राथमिक शाळेत होतो. त्यांना ध्यानचंद पुरस्कार मिळाला २०२० मध्ये, मरणोत्तर. तेहेतीस वर्षं उशिरा. तो घ्यायला ते नव्हते.

म्हणून एक विनंती. आपल्या शाळेचे खो-खो आणि कबड्डीचे संघ, त्यांना घडवणारे सर आणि बाई, यांची नोंद एका जागी कुठेच नाही. ते आज आपल्यासमोर बसले आहेत. येताना जुने फोटो आणि प्रमाणपत्रं आणा, फोटोमागे नावं लिहा. स्कॅन करून सालवार यादी लावायचं काम माझ्याकडे. पहिली प्रत सरांच्याच हातात देऊ.