नाण्याची झीज आणि नाण्याचे मूल्य : सराफ, संग्राहक व इतिहासकार

प्रस्तावना

नाणे हा एकाच वेळी लेखही असतो आणि वस्तूही असते. राजाचे नाव, टांकसाळ व वर्ष यांची माहिती लेखातून मिळते. तर वजन, झीज, छिद्रे व ठोकलेल्या खुणा यांतून त्या वस्तूचा पुढील प्रवास कळतो. आजच्या नाणेसंग्राहकांच्या बाजारात एकाच वर्षी, एकाच टांकसाळीत पाडलेल्या दोन रुपयांच्या किमतींत मोठी तफावत आढळते. या तफावतीचे प्रमुख कारण म्हणजे नाण्याची स्थिती व तिच्यावरून ठरणारी प्रत. स्थितीवरून नाण्याचे मूल्य ठरविण्याची रीत मात्र भारताला नवी नाही. प्रस्तुत निबंधात या रीतीची तीन रूपे तपासून त्यांतील साम्य व विरोध स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

१. सराफाची पारख

अव्वल इंग्रजी अमदानीपूर्वी रुपयाचे मूल्य त्यातील चांदीवर अवलंबून असे. त्यामुळे झिजलेल्या किंवा कडा कातरलेल्या नाण्यावर बट्टा, म्हणजे कसर, कापली जाई. अबुल फझलच्या 'आईन-इ-अकबरी'त नाण्याच्या घटीविषयीचे नियम आढळतात. अल्प घट दुर्लक्षिली जाई. मर्यादेपलीकडे घट गेल्यास नाणे केवळ धातूच्या भावाने मोजले जाई. अठराव्या शतकातील बंगालमध्ये तर प्रत्यक्ष झीज किती झाली हे न पाहताही बट्टा लागे. पहिल्या वर्षी 'सिक्का' म्हणून पूर्ण दराने चालणारा रुपया दुसऱ्या वर्षी सुमारे ३ टक्क्यांनी व त्यानंतर सुमारे ५ टक्क्यांनी उतरे. हा गोंधळ टाळण्यासाठी कंपनी सरकारने पुढे सर्व नाण्यांवर शाह आलमचे १९ वे राज्यवर्षच कायम ठेवले.

पेशवाईत अंकुशी, चांदवडी, मल्हारशाही असे अनेक प्रकारचे रुपये चालत. त्यांची पारख करणे हे सराफ, नाणावटी व पोतदार यांचे काम होते. नाणे वाजवून, कसोटीवर घासून वा तोलून पाहिले जाई. शंका आल्यास त्याला सुलाख पाडून आतील धातू तपासला जाई. 'तावून सुलाखून निघणे' हा मराठीतील वाक्प्रचार याच व्यवहाराची आठवण आहे. पारखलेल्या नाण्यावर सराफ आपली लहानशी खूण ठोकत. ही खूण नाण्याचे वैगुण्य नसून नाणे खरे असल्याची ती ग्वाही होती.

२. कायद्याने ठरविलेली मर्यादा

१८३५ च्या १७ व्या कायद्याने कंपनीच्या मुलखासाठी १८० ग्रेन वजनाचा, बारा भागांपैकी अकरा भाग शुद्ध चांदीचा एकरूप रुपया आला. या कायद्यानेही स्थितीचा प्रश्न सोडून दिला नाही. वजनात २ टक्क्यांहून अधिक घट न झालेले व कातरलेले वा घासलेले नसलेले नाणेच वैध चलन ठरले. फरक इतकाच की, पूर्वी प्रत्येक घटीला वेगळा दर होता. आता या मर्यादेच्या आतील सर्व नाणी समान झाली. नव्या चलनाचा प्रसार होत गेला तसे सराफाच्या पारखेचे महत्त्व ओसरत गेले.

३. संग्राहकाची प्रतवारी

नाणे चलनातून संग्रहात गेले की स्थितीचा प्रश्न नव्या रूपाने उभा राहतो. अमेरिकेतील विल्यम शेल्डन यांनी १९४९ मध्ये तेथील जुन्या सेंट नाण्यांसाठी १ ते ७० अशी अंकश्रेणी सुचविली. तिचा मूळ हेतू किंमत ठरविण्याचाच होता. ओळखण्यापुरत्या शिल्लक राहिलेल्या नाण्याची किंमत १ धरली, तर निर्दोष नाण्याची किंमत तिच्या ७० पट असावी, असे ते गणित होते. बाजाराने हे गणित लवकरच मोडले. अंक मात्र टिकले. १९८६ व १९८७ मध्ये अमेरिकेत दोन मोठ्या प्रतवारी संस्था स्थापन झाल्या. नाणे तपासून, त्यास अंक देऊन ते प्लॅस्टिकच्या मोहोरबंद पेटीत ठेवण्याची पद्धत त्यांनी रूढ केली. सराफाची खूण नाण्यावर होती. या संस्थांची खूण पेटीवर आली.

या व्यवस्थेत किमतीचे गणित 'स्थितीतील दुर्मिळता' या तत्त्वावर चालते. राणी व्हिक्टोरियाच्या काळातील काही वर्षांचे रुपये विपुल आहेत. असा झिजलेला रुपया चांदीच्या भावाच्या आसपास मिळू शकतो. त्याच वर्षाचा, चलनात न फिरलेला रुपया मात्र क्वचितच सापडतो. याउलट नाणे मुळातच अतिदुर्मिळ असेल, तर संग्राहक त्याची झीज पुष्कळशी सहन करतो.

हाताने पाडलेल्या नाण्यांबाबत आणखी एक भेद आवश्यक आहे. शिवराईवर 'श्री राजा शिव' व 'छत्रपती' ही अक्षरे अनेकदा अपुरी दिसतात. नेहमीच झिजेमुळे असे घडते असे नाही; ठशापेक्षा तांब्याचा तुकडा लहान असल्यानेही अक्षरे बाहेर राहतात. ठशाचा दोष व वापराची झीज यांची गल्लत झाल्यास प्रत चुकते आणि तिच्याबरोबर किंमतही.

महाराष्ट्रातील घरगुती परंपराही या मापनाच्या आड येते. देवघरातील नाणी लक्ष्मीपूजनाला चिंचेने घासून लख्ख केली जातात. काहींना दागिन्यासाठी कडी जोडलेली असते. घरच्या दृष्टीने ही नाण्याची प्रतिष्ठा आहे. संग्राहकाच्या लेखी मात्र घासण्याने मूळ पृष्ठभाग कायमचा जातो आणि किंमत उतरते. सराफी खुणांचेही तेच झाले. पूर्वी विश्वास वाढविणारी खूण प्रतवारीत सामान्यतः इजा म्हणून गणली जाते.

४. इतिहासकाराची दृष्टी

झिजेकडे पाहण्याची तिसरी दृष्टी गोमंतकात जन्मलेल्या दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी दिली. गणिती असलेल्या कोसंबींनी १९४० च्या सुमारास तक्षशिलेच्या निधींतील आहत नाण्यांच्या वजनांचा संख्याशास्त्रीय अभ्यास केला. नाणे जितका काळ फिरते तितके त्याचे सरासरी वजन घटते, हे सूत्र धरून त्यांनी नाण्यांच्या गटांचा कालक्रम लावण्याचा प्रयत्न केला. मागील बाजूवरील लहान खुणांची संख्या वाढते तसे वजन घटते, हेही त्यांनी दाखविले. त्यावरून या खुणा वेळोवेळी झालेल्या तपासणीच्या असाव्यात, असा त्यांचा निष्कर्ष होता. बाजारात ज्यास खालची प्रत मिळाली असती, तेच नाणे येथे अधिक बोलके ठरले. न वापरलेले नाणे टांकसाळीविषयी सांगते. झिजलेले नाणे समाजाविषयी सांगते.

समारोप

सराफाने झीज मोजली ती हरवलेल्या चांदीसाठी, संग्राहक मोजतो ती हरवलेल्या रूपासाठी आणि इतिहासकार मोजतो ती सरलेल्या काळासाठी. पहिल्या दोघांच्या हिशेबात झीज हा तोटा आहे. तिसऱ्याच्या हिशेबात ती नोंद आहे. हा केवळ तात्त्विक भेद नाही. जे नाणे बाजाराच्या दृष्टीने धातूच्या भावाचे, ते मुशीत जाण्याची शक्यता सर्वाधिक असते. एकत्र सापडलेल्या निधीतून उत्तम प्रतीची नाणी वेगळी काढून विकली गेली, तर उरलेल्यांचा संदर्भही तुटतो. म्हणून महाविद्यालयीन संग्रहांनी नाण्याची नोंद करताना प्रतीबरोबरच वजन, सुलाख व सराफी खुणा यांची नोंद ठेवणे आणि नाणी न घासता जतन करणे अगत्याचे आहे. प्रत ही नाण्याची बाजारातील ओळख आहे. ती त्याच्या ऐतिहासिक मूल्याची मोजपट्टी मानणे योग्य होणार नाही.