दुधाच्या दातांची निगा घरापासूनच

दुधाचे दात पडणारच, मग त्यांची एवढी काळजी कशाला, असा समज आजही अनेक घरांत आढळतो. हा समज मुलांना महाग पडतो. २००२-०३ मध्ये झालेल्या राष्ट्रीय मौखिक आरोग्य सर्वेक्षणात पाच वर्षे वयाच्या ५१.९ टक्के मुलांचे दात किडलेले आढळले होते. बारा वर्षे वयाच्या मुलांमध्ये हे प्रमाण ५३.८ टक्के होते. दंतक्षय हा बऱ्याच अंशी टाळता येणारा विकार असून तो टाळण्याचे बहुतेक उपाय दवाखान्यात नव्हे, तर घरातच करावयाचे असतात.

दुधाच्या दातांचे महत्त्व

साधारणतः सहाव्या महिन्याच्या सुमारास खालचे पुढील दात प्रथम येतात आणि अडीच ते तीन वर्षांपर्यंत दुधाचे वीस दात पूर्ण होतात. पुढचे दात सहा-सात वर्षांच्या सुमारास पडू लागतात. मात्र दुधाच्या दाढा दहा ते बारा वर्षे वयापर्यंत तोंडात राहतात. एवढा काळ मुलाचे चर्वण, उच्चार आणि पोषण त्यांच्यावर अवलंबून असते. शिवाय, मागाहून येणाऱ्या कायमच्या दातांसाठी त्या जागा राखून ठेवतात. दाढ अकाली काढावी लागल्यास शेजारचे दात त्या जागेत सरकतात आणि नवा दात वाकडा येण्याचा संभव असतो. ठणकणाऱ्या दाढेमुळे मुलाची झोप मोडते, जेवण तुटते आणि शाळाही बुडते.

कीड लागते म्हणजे काय

दाताला कीड लागते असे म्हटले जात असले, तरी त्यात किडा नसतो. दातांवर साचणाऱ्या चिकट थरातील जंतू साखरेपासून आम्ल तयार करतात. तोंडातील सामू ५.५ च्या खाली गेला की दातावरील कठीण आवरणातील खनिजे विरघळू लागतात. लाळ हे आम्ल हळूहळू निष्प्रभ करते व गेलेली खनिजे काही प्रमाणात परत मिळवून देते. परंतु मूल वारंवार गोड खात राहिल्यास लाळेला ही संधीच मिळत नाही. म्हणूनच साखर किती खाल्ली याबरोबरच ती दिवसातून किती वेळा खाल्ली, हेही महत्त्वाचे ठरते.

हिरडीलगत दिसणारी खडूसारखी पांढरी रेषा हे दंतक्षयाचे पहिले लक्षण होय. या टप्प्यावर योग्य काळजी घेतल्यास कीड थांबू शकते. आठवड्यातून एकदा चांगल्या उजेडात मुलाचा वरचा ओठ उचलून पाहिल्यास ती सहज ध्यानात येते.

दात घासण्याची पद्धत

पहिला दात दिसताच तो मऊ व लहान ब्रशने स्वच्छ करण्यास प्रारंभ करावा. तीन वर्षांखालील मुलांसाठी तांदळाच्या दाण्याएवढी, तर तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी वाटाण्याएवढी फ्लोराइडयुक्त पेस्ट पुरेशी असते. पेस्ट मोठ्यांनीच ब्रशवर लावावी. सकाळी आणि रात्री झोपण्यापूर्वी असे दोन वेळा, प्रत्येक वेळी दोन मिनिटे दात घासावेत. झोपेत लाळेचे प्रमाण घटते. त्यामुळे रात्रीचे घासणे विशेष आवश्यक असते. घासून झाल्यावर मुलाने फेस थुंकून टाकावा. फार चुळा भरल्यास पेस्टमधील उपयुक्त फ्लोराइड वाहून जाते.

सात-आठ वर्षांपर्यंत मुलांच्या हाताला पुरेसे कौशल्य आलेले नसते. तोपर्यंत पालकांनी स्वतः दात घासून द्यावेत किंवा जवळ उभे राहून लक्ष ठेवावे. खरखरीत मंजन, राख वा कोळसा यांनी दातांची झीज होते. तंबाखू भाजून केलेली मशेरी तर मुलांच्या हाती मुळीच पडू देऊ नये. दंतमंजन व पेस्टमध्ये तंबाखू वापरण्यास भारतात १९९२ पासून बंदी आहे.

खाण्यापिण्याच्या सवयी

दुधाची बाटली तोंडात धरून बाळाला झोपवण्याची सवय वरच्या पुढील दातांना विशेष घातक ठरते. बाटलीत साखर, मध किंवा फळांचा रस घालू नये. गूळ व मध नैसर्गिक असले, तरी दातांच्या बाबतीत ते साखरेसारखेच वागतात. चहात बुडवलेले बिस्कीट, चिक्की आणि चॉकलेट दातांना दीर्घकाळ चिकटून राहतात. असे पदार्थ द्यायचेच झाल्यास मधल्या वेळेऐवजी जेवणासोबत द्यावेत आणि नंतर पाणी पाजावे. मधल्या वेळेसाठी काकडी, गाजर, शेंगदाणे किंवा फुटाणे मोठ्या मुलांना योग्य ठरतात. लहान मुलांच्या घशात दाणे अडकण्याचा धोका असल्याने त्यांना ते देऊ नयेत. औषधांची गोड सिरपे रात्री दात घासण्यापूर्वीच द्यावीत.

सहाव्या वर्षीची दाढ

साधारण सहाव्या वर्षी दुधाच्या शेवटच्या दाढेमागे पहिली कायमची दाढ येते. तिच्यासाठी कोणताही दात पडत नसल्याने अनेक पालक तिला दुधाची दाढ समजतात आणि ती किडली तरी दुर्लक्ष करतात. ही दाढ गेल्यास पुन्हा येत नाही. तिच्या खोल खाचांत अन्न अडकते, म्हणून ब्रश अगदी मागेपर्यंत नेणे गरजेचे आहे. दंतवैद्य या खाचा विशिष्ट लेपाने बंदही करू शकतात.

पाण्यातील फ्लोराइड

अल्प प्रमाणातील फ्लोराइड दातांना बळकटी देते. अतिरेक मात्र अपायकारक असतो. भारतीय मानकांनुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड योग्य मानले जाते. पर्यायी स्रोत नसल्यास १.५ मिलिग्रॅम ही कमाल मर्यादा आहे. महाराष्ट्रातील यवतमाळ, चंद्रपूर व नांदेड, तेलंगणातील नलगोंडा तसेच राजस्थानचा मोठा भाग येथील काही भूजलात हे प्रमाण अधिक आढळते. अशा पाण्याने वाढत्या वयात मुलांच्या दातांवर पांढरे किंवा तपकिरी डाग पडतात. पाणी उकळून फ्लोराइड कमी होत नाही. त्यामुळे तेथे पाण्याची तपासणी करून सुरक्षित स्रोत वापरावा आणि पेस्टबाबत दंतवैद्याचा सल्ला घ्यावा.

दात निखळल्यास

खेळताना कायमचा दात मुळासकट निखळल्यास तो मुळाला स्पर्श न करता वरच्या पांढऱ्या भागाने धरावा. माती लागली असल्यास दुधाने किंवा पाण्याने काही सेकंद हलकेच धुवावा, घासू नये. शक्य असल्यास तो जागेवर बसवावा, अन्यथा दुधात ठेवून तातडीने, शक्यतो अर्ध्या तासात, दंतवैद्याकडे जावे. दुधाचा दात मात्र परत बसवू नये; तसे केल्यास खालच्या कायमच्या दाताला इजा होऊ शकते.

वैद्यकीय सल्ला

पहिल्या वाढदिवसापर्यंत मुलाला एकदा दंतवैद्याकडे न्यावे आणि पुढे नियमित तपासणी करावी. दात येताना ताप किंवा जुलाब होणारच असे मानून दुर्लक्ष करणे धोक्याचे असते. अशा वेळी डॉक्टरांना दाखवावे. हिरडीवर फोड, गालावर सूज किंवा ताप यांसह दातदुखी असल्यास संसर्ग पसरण्याची शक्यता असते, तेव्हा त्याच दिवशी उपचार घ्यावेत. अनेक जिल्हा रुग्णालयांत आणि शासकीय दंत महाविद्यालयांत अल्प खर्चात ही सोय उपलब्ध असते. रोजची चार मिनिटे आणि महिन्याकाठी एक छोटी पेस्ट, एवढ्यावर मुलाची अनेक दुखणी टळू शकतात.