साठा-पुनर्भरणाच्या तीन पद्धती : एक ऐतिहासिक तुलना

कारखान्यात लागणारे सुटे भाग केव्हा आणि किती मागवावेत, या प्रश्नाची विसाव्या शतकात तीन प्रमुख उत्तरे पुढे आली. १९१३ मध्ये अमेरिकेतील फोर्ड हॅरिस यांनी प्रत्येक खेपेच्या तयारीचा खर्च व साठवणुकीचा खर्च यांचा मेळ घालणारे सूत्र मांडले. त्यात मागणी स्थिर असल्याचे गृहीत धरले होते. जोसेफ ऑर्लिकी यांनी १९६० च्या दशकात विकसित केलेल्या सामग्री-गरज नियोजनात संगणकाच्या साहाय्याने तयार मालाच्या वेळापत्रकावरून प्रत्येक भागाची गरज काढली जाते. साहजिकच वेळापत्रक चुकल्यास साठ्याचे गणितही चुकते. जपानमध्ये टोयोटाच्या ताइइची ओनो यांनी 'कानबान' कार्डाची पद्धती रुजविली. तीत पुढील विभागाने जेवढे भाग वापरले, तेवढेच मागील विभाग पुन्हा तयार करतो. त्यामुळे साठा अत्यल्प राहतो. मात्र १ फेब्रुवारी १९९७ रोजी आयसिन सेइकी या पुरवठादाराच्या कारिया येथील कारखान्यास आग लागली आणि ब्रेकच्या एका लहानशा झडपेअभावी टोयोटाचे जपानमधील बहुतांश उत्पादन काही दिवस थांबले.

सारांश, हॅरिस यांचे सूत्र स्थिर मागणीवर, नियोजन अचूक वेळापत्रकावर आणि कानबान अखंड पुरवठ्यावर विसंबून असते. साठा घटविल्याने वाचणाऱ्या खर्चाबरोबर वाढणारी जोखीमही पद्धती निवडताना विचारात घेणे आवश्यक ठरते.