दुकान टाकण्याआधी

आधी १९९३ च्या पुण्यात उतरा. फोन खिशातच राहू द्या, इथे त्याला रेंज मिळायची नाही. समोरचं दुकान दुरुस्तीचं आहे. टेबलावर पाठ उघडलेले कॅल्क्युलेटर, एक पीसी, सोल्डरिंगच्या धुराचा वास. कैलास काटकर दहावीपर्यंत शिकलेले, पण हात यंत्रात मुरलेला. यंदाच त्यांनी कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस सुरू केली आहे. गिऱ्हाईक येतं, पीसी ठेवतं आणि ‘चालत नाही’ एवढंच सांगतं. उघडून पाहावं तर सगळे भाग शाबूत असतात. बिघाड फ्लॉपीतून शिरलेल्या व्हायरसचा असतो. धाकटा भाऊ संजय कॉम्प्युटर शिकलाय. तो हे व्हायरस काढणारे छोटे प्रोग्राम लिहितो.

त्यातूनच पुढे क्विक हील हा अँटीव्हायरस तयार होणार आहे. २००७ मध्ये कंपनीचंही नाव तेच होईल आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये तिचा शेअर बाजारात येईल. आत्ता मात्र इथे फक्त तक्रारी जमा होतायत. सॉफ्टवेअर काय करायला हवं, हे या टेबलावर फुकट कळतंय.

तुम्ही बाकावर बसा आणि ऐका. त्यासाठीच तर आलात. सातिवलीच्या इंडस्ट्रियल इस्टेटीतल्या तुमच्या गाळ्यात दुकानदारांसाठी बिलिंगचं सॉफ्टवेअर तयार होतं. हल्ली तुमच्या डोक्यात घोळतंय की वसई स्टेशनजवळ कंपनीचं स्वतःचं दुकान टाकावं आणि स्वतःच्या नावाचं बिलिंग मशीनही काढावं. काचेवर लावायचा बोर्ड तर तुम्ही डिझाइनही करून ठेवलाय. भागीदार म्हणाला, “अहो, ज्यांनी केलंय त्यांचं आधी बघून तर या.”

मग चला १९९९ च्या सॅन फ्रान्सिस्कोत. मेट्रिऑन नावाच्या नव्या मॉलमध्ये मायक्रोसॉफ्टचं दुकान लागलंय. जास्त रेंगाळू नका, २००१ मध्ये ते बंदही होणार आहे. गंमत म्हणजे हार्डवेअर या कंपनीला परकं नाही. १९८० मध्ये अॅपल टू मध्ये बसवायचं सॉफ्टकार्ड तिनेच विकलं होतं, १९८३ मध्ये माऊसही.

आता २२ ऑक्टोबर २००९, ॲरिझोनातलं स्कॉट्सडेल. विंडोज ७ आजच बाजारात आलं आणि मायक्रोसॉफ्टचं हे नवं दुकानही आजच उघडलं. बाहेर रांग, आत भिंतभर स्क्रीन. अॅपलची दुकानं २००१ पासून चालू आहेत, त्यांची नक्कल लपत नाही. पण जरा टेबलाजवळ जा. मांडलेले लॅपटॉप दुसऱ्या कंपन्यांचे आहेत, फक्त त्यांत कंपन्यांनी कोंबलेले चाचणीचे प्रोग्राम आणि जाहिराती नाहीत. दुकानाचं खरं कारण इथे दिसतं. सॉफ्टवेअर चांगलं बनवलं तरी गिऱ्हाइकाच्या हाती पडेपर्यंत मधल्या लोकांनी त्यात काय काय मिसळलेलं असतं; दूधवाल्याला भेसळीचं जे दुःख, तेच हे. मागच्या बाजूला मदतीचं काउंटरही आहे, आणि माझ्या मते या दुकानातली सगळ्यात कामाची जागा तीच.

तीन वर्षं पुढे सरका. २६ ऑक्टोबर २०१२ ला विंडोज ८ सोबत त्याच टेबलांवर सरफेस येतो. हा मायक्रोसॉफ्टचा स्वतःचा टॅब्लेट, झाकणालाच कीबोर्ड. झाकण जोडताना होणारा ‘टक्’ आवाज ऐकून तुम्हालाही तो घ्यावासा वाटेल. पण शेजारच्या टेबलावर कोणाचा माल आहे ते बघा. ज्यांच्या यंत्रांतून विंडोज घरोघरी गेलं, त्यांच्याच अंगणात आता मालकाने स्वतःचा गाडा लावलाय. एसरच्या प्रमुखांनी तर माल येण्याआधीच, ऑगस्टमध्ये, नीट विचार करा असा जाहीर इशारा दिला होता.

शिवाय स्वस्तातल्या सरफेस आरटीत चिप वेगळी, त्यामुळे विंडोजचे जुने प्रोग्राम त्यावर चालतच नाहीत. लोक ज्यासाठी विंडोज घेतात, नेमकं तेच नाही! जुलै २०१३ मध्ये किंमत उतरवावी लागली आणि पडून राहिलेल्या मालापोटी कंपनीने ९० कोटी डॉलरचा फटका हिशेबात दाखवला. एवढा फटका पचवायला मायक्रोसॉफ्टच असावं लागतं. तुमच्या गाळ्याचं भाडं त्यात किती वर्षं निघेल, याचा हिशेब करत बसू नका.

यंत्र मात्र पुढे सुधारलं, टिकलं. दुकानं टिकली नाहीत. २६ जून २०२० ला कंपनीने ती कायमची बंद करत असल्याचं जाहीर केलं आणि ४५ कोटी डॉलरचा खर्च लिहिला. लंडन, न्यूयॉर्क, सिडनी आणि रेडमंडची जागा तेवढी ठेवली, तीही अनुभव केंद्रं म्हणून.

परतताना पुन्हा पुण्याकडे नजर टाका. क्विक हीलनेही पुढे टर्मिनेटर नावाचं स्वतःचं यंत्र काढलं, ऑफिसांच्या नेटवर्कच्या सुरक्षेसाठी. अँटीव्हायरसचे डबे तर गावोगावच्या कॉम्प्युटर दुरुस्ती करणाऱ्यांच्या हातून खपले. त्या लोकांचं दुखणं काटकरांना माहीत होतं, कारण ते स्वतः तिथे बसले होते.

सातिवलीत उतरलात की कागद घ्या. बोर्डाचं डिझाइन बाजूला ठेवा. मशीनला अडॅप्टर लागेल, त्याला बीआयएसची नोंदणी लागेल, जळलेल्या मशीनच्या जागी द्यायला चार जादा ठेवावी लागतील. शनिवारी रात्री नालासोपाऱ्याच्या किराणा दुकानात बिलाचा प्रिंटर अडकला तर जाणार कोण, ते लिहा. आणि विरारच्या डीलरला फोन लावा. इतकी वर्षं तुमचं सॉफ्टवेअर दुसऱ्यांच्या मशीनवर घालून त्यानेच विकलं आहे. तो पहिल्या वाक्यातच विचारणार, “मशीनपण तुम्हीच विकणार, मग आम्ही काय विकायचं?” त्याला द्यायचं कमिशन फोन करण्याआधी भागीदाराशी बोलून ठरवा.