कामत, दुर्गाबाई व कमलाबाई

भारतीय मूकपटात भूमिका करणाऱ्या आद्य स्त्रिया. नात्याने त्या माय-लेकी. दादासाहेब फाळके यांच्या ‘मोहिनी भस्मासुर’ (१९१३) या पौराणिक मूकपटात दुर्गाबाईंनी पार्वतीची, तर कमलाबाईंनी मोहिनीची भूमिका केली.

पतीपासून विभक्त झाल्यावर दुर्गाबाईंनी लहानग्या कमलाबाईंना (जन्म १९००) बरोबर घेऊन फिरत्या नाटक मंडळीचा आश्रय घेतला. एकाकी स्त्रीला उपजीविकेची साधने त्या काळी फार थोडी होती आणि नाटकात जाणे म्हणजे समाजाचा रोष ओढवून घेणे होते. मराठी रंगभूमीवर स्त्रीभूमिका बहुधा पुरुषांकडेच असत. बालगंधर्वांची गंधर्व नाटक मंडळी १९१३ मध्येच निघाली. तळकोकणात, मालवण-देवबागच्या किनारपट्टीवर जत्रांतून रंगणाऱ्या दशावतारी खेळांतही देवस्त्रिया पुरुषच उभ्या करीत. कमलाबाई अगदी लहान वयातच रंगभूमीवर वावरू लागल्या.

‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) या चित्रपटासाठी फाळके यांनी स्त्री-कलावंत मिळविण्याची पुष्कळ खटपट केली. गणिकांनीही नकार दिला. अखेर उपाहारगृहात काम करणाऱ्या अण्णा साळुंके यांना तारामती व्हावे लागले. यानंतरच्या ‘मोहिनी भस्मासुर’ या चित्रपटात कामत माय-लेकींमुळे ही अडचण दूर झाली. मोहिनी हे विष्णूने धारण केलेले स्त्रीरूप. भस्मासुराला नृत्यात भुलवून त्याचा हात त्याच्याच मस्तकावर ठेवावयास लावणे, हा कथेचा गाभा. पुरुषांनी स्त्रीवेष घेण्याच्या त्या काळात तेरा वर्षांच्या मुलीने पडद्यावर स्त्रीरूपधारी देव साकारावा, हा योग विलक्षणच म्हटला पाहिजे.

मात्र या आरंभाने प्रघात पडला नाही. फाळके यांच्याच ‘लंकादहन’ (१९१७) मध्ये राम आणि सीता या दोन्ही भूमिका साळुंके यांनी केल्या. कोल्हापूरला बाबूराव पेंटर यांनी ‘सैरंध्री’ (१९२०) मध्ये गुलाबबाई व अनसूयाबाई यांना अनुक्रमे कमलादेवी व सुशीलादेवी या नावांनी पडद्यावर आणले. खरे नाव झाकण्याची गरज तेव्हाही भासावी, यावरून कामत माय-लेकींच्या धाडसाची कल्पना येते. रंगभूमीवर तर स्त्री-पुरुषांच्या एकत्र अभिनयाला प्रतिष्ठा लाभण्यास नाट्यमन्वंतर संस्थेच्या ‘आंधळ्यांची शाळा’ (१९३३) या नाटकापर्यंत थांबावे लागले.

कमलाबाईंचा विवाह चित्ताकर्षक नाटक मंडळीतील रघुनाथराव गोखले यांच्याशी झाला. पतीच्या अकाली निधनानंतर मुलांचा भार एकट्या कमलाबाईंवर पडला आणि ज्या व्यवसायाने आईला तारले, त्याच्याच बळावर त्यांनीही संसार चालविला. नाटकांत त्यांनी पुरुषभूमिकाही केल्या. पुढे त्या बोलपटांतही आल्या. ‘गहराई’ (१९८०) हा त्यांच्या अखेरच्या चित्रपटांपैकी एक होय. दुर्गाबाईंचे नाव मात्र चित्रपटेतिहासात बहुधा कन्येच्या नावाच्या आधाराने येते. वास्तविक नाटकाच्या बिऱ्हाडाची वाट प्रथम त्यांनीच धरली होती.

चंद्रकांत गोखले हे कमलाबाईंचे पुत्र आणि विक्रम गोखले हे नातू. दोघांनीही नाटक व चित्रपट या क्षेत्रांत अभिनेते म्हणून लौकिक मिळविला. लालजी गोखले या पुत्राने तबलावादनात नाव कमावले. रीना मोहन यांनी १९९० च्या दशकाच्या आरंभी ‘कमलाबाई’ हा अनुबोधपट केला. त्यात वयोवृद्ध कमलाबाई आपल्या आठवणी स्वतः सांगताना दिसतात.