लोकप्रतिनिधींचे वेतन आणि मतदारांचा कौल : वॉशिंग्टन व ॲरिझोना राज्यांचा अनुभव

आपले वेतन आपणच ठरविण्याचा अधिकार लोकप्रतिनिधींकडे असावा काय, हा वाद अमेरिकेतील काही घटक राज्यांत थेट मतपेटीपर्यंत पोहोचला. १९७३ मध्ये वॉशिंग्टन राज्याच्या विधिमंडळाने निर्वाचित पदाधिकाऱ्यांचे वेतन मोठ्या प्रमाणात वाढविले, तेव्हा नागरिकांनी ही वाढ ५.५ टक्क्यांवर रोखणारा २८२ क्रमांकाचा प्रस्ताव स्वतः मांडला. प्रस्तावाच्या बाजूने सुमारे ८ लाख, तर विरोधात सुमारे २ लाख मते पडली. हा कौल वेतनाविरुद्ध होता, त्याहून अधिक तो वेतन ठरविण्याच्या रीतीविरुद्ध होता, असे म्हणणे वस्तुस्थितीला धरून होईल. कारण १९८६ मध्ये त्याच मतदारांनी घटनादुरुस्तीद्वारे हा अधिकार विधिमंडळाकडून काढून स्वतंत्र नागरिक आयोगाकडे दिला. आयोगाचे काही सदस्य मतदारयादीतून चक्क चिठ्ठ्या टाकून निवडले जातात. आयोगाचा निर्णय विधिमंडळ बदलू शकत नाही. तो रद्द करण्याचा मार्ग म्हणजे सार्वमत.

ॲरिझोनाने निराळी वाट धरली. तेथेही आयोग आहे, परंतु विधिमंडळ सदस्यांच्या वेतनाबाबत तो केवळ शिफारस करतो. अंतिम शब्द मतदारांचा. १९९८ मध्ये मतदारांनी वार्षिक वेतन १५,००० डॉलरवरून २४,००० डॉलर करण्यास संमती दिली. त्यानंतर मात्र २००६, २००८ आणि २०१४ अशा निवडणुकांत वाढ फेटाळली गेली. २०१४ चा प्रस्ताव ३५,००० डॉलरचा होता. या नकाराला काटकसर म्हणून गौरविणे सोपे आहे. महागाई वाढत असता गोठलेले वेतन प्रत्यक्षात दरवर्षी घटतेच, आणि अशा वेतनावर कायदे करण्यास निवृत्तिवेतनधारक, व्यावसायिक वा मालमत्ताधारकच सहज पुढे येऊ शकतात. शाळेतील शिक्षिका किंवा कारखान्यातील कामगार अधिवेशनाचे महिने कोणत्या उत्पन्नावर काढणार, हा प्रश्न मतपत्रिकेवर छापलेला नसतो.

शिवाय मतदारांची पकड फक्त वेतनावर आहे, भत्त्यांवर नाही. २०२१ मध्ये ॲरिझोनात दैनिक भत्ता वाढविणारा कायदा झाला. त्यासाठी मतदारांच्या संमतीची आवश्यकता पडली नाही.