हडपसरमधील नेटवर्क-प्रशासनाचे शिक्षण: तार, पत्ता आणि पाळी

मगरपट्ट्यातील सायबरसिटीमुळे पुण्याच्या हडपसरची आजची ओळख घडली असली, तरी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या गावाचा डोलारा खडकवासल्याहून येणाऱ्या मुठा उजव्या कालव्यावर भिजणाऱ्या शेतीवर आणि १९५८ ची किर्लोस्कर न्यूमॅटिक, १९६६ ची सीरम इन्स्टिट्यूट यांसारख्या कारखान्यांवर उभा होता. २००० च्या सुमारास सतीश मगर यांच्या पुढाकाराने शंभरहून अधिक शेतकरी कुटुंबांनी आपली सुमारे ४०० एकर जमीन बिल्डरला न विकता एकत्र केली, तिच्यावर स्वतःच्याच कंपनीमार्फत नगर वसवले आणि तेथे सॉफ्टवेअर कंपन्यांची कार्यालये आली. या स्थित्यंतराच्या वर्णनांत प्रोग्रामरचा गौरव होतो. कार्यालयांतील संगणक एकमेकांशी जोडून ते जोडलेले ठेवणारा नेटवर्क-प्रशासक मात्र बहुधा उपेक्षितच राहतो.

या प्रशासकाची विद्या विद्यापीठीय अभ्यासक्रमापेक्षा वायरमन आणि फिटर यांच्या कौशल्य-परंपरेला अधिक जवळची होती. १९४७ मध्ये मुंबईत रेडिओनिर्मितीपासून सुरू झालेल्या जेटकिंगने १९९० मध्ये हार्डवेअर-प्रशिक्षणाकडे वळावे, हे त्या दृष्टीने स्वाभाविकच म्हटले पाहिजे. त्या काळच्या लहान नेटवर्कमध्ये सर्व संगणक एकाच कोॲक्सियल केबलवर, म्हणजे मध्ये तांब्याची तार व तिच्याभोवती जाळीचे कवच असलेल्या केबलवर, ओळीने जोडलेले असत. तिच्या दोन्ही टोकांना टर्मिनेटर नावाचा रोधक लावावा लागे आणि केबल एका ठिकाणी तुटली तरी सगळी ओळ बंद पडे. कालव्याच्या पाण्याला असते तशी पाळी या केबलवरच्या इथरनेट पद्धतीत नव्हती: प्रत्येक संगणक तार मोकळी आहे का ते आधी पाही, मगच संदेश पाठवी, आणि दोन संदेश आदळले तर दोन्ही संगणक यादृच्छिक काळ थांबून पुन्हा प्रयत्न करीत. पुढे पिळलेल्या जोडतारा आणि प्रत्येक संगणकाला स्वतंत्र वाट देणारा स्विच आला, तेव्हा ही टक्कर जवळजवळ संपली. आठ रंगीत तारा ठरलेल्या क्रमाने लावून टोकाला कनेक्टर दाबून बसवणे, म्हणजे क्रिंपिंग, हा नवशिक्याचा पहिला धडा ठरला.

हाताचे काम लवकर येते. खरी कसोटी पत्त्यांच्या गणिताची. आयपी पत्ता आवृत्ती चारमध्ये ३२ बिटांचा असतो आणि त्यातील किती बिट नेटवर्कचे व किती यंत्राचे, हे सबनेट मास्क ठरवतो. नेटवर्कला २४ बिट दिले, तर उरलेल्या ८ बिटांतून २५६ पत्ते निघतात. त्यांपैकी एक नेटवर्कचा स्वतःचा आणि एक सर्वांना उद्देशून पाठवण्याचा असल्याने यंत्रांच्या वाट्याला २५४ येतात. नेटवर्क-उपकरणे बनवणाऱ्या सिस्कोने १९९७ मध्ये सुरू केलेली नेटवर्किंग अकादमी आणि १९९८ मधील सीसीएनए परीक्षा यांनी या ज्ञानाला जगभर ग्राह्य धरले जाणारे प्रमाणपत्र दिले. महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनच्या २००१ च्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाने संगणक घरोघरी ओळखीचा केला खरा, पण त्याचा हेतू सर्वसाधारण संगणक-साक्षरतेचा होता. एमएस-सीआयटीच्या प्रमाणपत्राच्या बळावर सर्व्हर-रूमचा कारभार चालत नाही.

मार्च २०२० च्या टाळेबंदीत कर्मचारी घरून काम करू लागले, तेव्हा कार्यालयाच्या भिंतींशी संपणारी नेटवर्कची हद्द कर्मचाऱ्यांच्या घरांपर्यंत पसरली. व्हीपीएन, म्हणजे सार्वजनिक इंटरनेटवरून जाणारी सांकेतिक खासगी वाट, आणि येणाऱ्याची ओळख तपासण्याची व्यवस्था यांनी प्रशासकाच्या दिवसाचा मोठा वाटा व्यापला, तर क्रिंपिंगचे हत्यार पुष्कळदा खणातच राहू लागले.